सोसायटीच्या आवारातील गवत : यंत्र बॅटरीचे घ्यावे की पेट्रोलचे?

प्रश्न : आमची गृहनिर्माण संस्था बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूस आहे. इमारतीच्या मागे कुंपणभिंतीलगत सुमारे सहा गुंठे मोकळी जागा असून तिचा एक कोपरा नाल्याकडे उतरतो. पावसाळ्यात तेथे कमरेएवढे गवत माजते. आजवर आमचे माळीकाका ते विळ्याने कापत आले. परंतु त्यांनी आता पंचावन्नी ओलांडली आहे आणि ते आठवड्यातून दोनच दिवस येतात. कार्यकारिणीने गवत कापण्याचे यंत्र घेण्याचे ठरवले आहे. अध्यक्षांच्या मते ते पेट्रोलचेच असावे, कारण कोकणातील त्यांच्या बागेत तेच चालते. खजिनदारांचा आग्रह बॅटरीच्या यंत्रासाठी आहे, कारण आवाजावरून तक्रारी येतील अशी त्यांना भीती वाटते. सचिव म्हणून मी दोघांच्या मध्ये सापडले आहे. कोणते घ्यावे, आणि घेतल्यावर ते ठेवावे कुठे?
— सचिव, बोरिवली (पूर्व)

उत्तर :

सचिव महोदया,

आपल्या जागेचे वर्णन वाचून माझे मत बॅटरीच्या यंत्राच्या बाजूने पडते, मात्र एका अटीवर. पावसाळ्याचे चार महिने दर दहा-बारा दिवसांनी गवत कापले गेले पाहिजे. ही अट आपली संस्था पाळू शकणार नसेल, म्हणजे जूनमध्ये उगवलेले गवत गणपतीच्या तोंडावर आठवण झाल्यावरच कापले जाणार असेल, तर अध्यक्षांचे म्हणणे बरोबर आहे आणि आपण पेट्रोलचे यंत्र घ्यावे. कार्यकारिणीत जो वाद चालला आहे तो वरकरणी यंत्राचा वाटला, तरी त्याचे उत्तर आपल्या वेळापत्रकात आहे.

अध्यक्षांचा अनुभव मी मोडीत काढत नाही. कोकणातील आंबा-काजूच्या बागेत गवत वर्षातून दोन-तीनदाच कापतात, तोवर ते दाट आणि निबर झालेले असते, त्यात झुडपे शिरलेली असतात, आणि सलग काही तास काम करावे लागते. तेथे वीज हाताशी नसते आणि आवाजाची तक्रार करायला शेजारी नसतो. अशा कामाला पेट्रोलच्या ब्रश कटरला, म्हणजे खांद्याला अडकवून चालवायच्या गवत कापण्याच्या यंत्राला, तोड नाही. टाकी संपली की दोन मिनिटांत भरता येते, धातूचे पाते लावले की अंगठ्याएवढी खोडेही निघतात. आपले सहा गुंठे मात्र तीन बाजूंनी खिडक्यांनी वेढलेले आहेत आणि माळीकाका आठवड्यातून दोनदा तेथे येतच असतात. थोडे थोडे आणि वारंवार, अशा पद्धतीने काम होण्यासारखी ही जागा आहे.

आता बॅटरीचे यंत्र या कामाला पुरेल का, हे आकड्यांवरून पाहू. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास असे दोन आकडे छापलेले असतात. त्यांचा गुणाकार केला की तिच्यात साठणारी ऊर्जा वॅट-तासांत मिळते. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-तास. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची म्हणजे १४४. ओलसर, वीतभर उंचीचे पावसाळी गवत कापताना मध्यम ताकदीचे यंत्र साधारण ४०० ते ५०० वॅट खेचते, म्हणजे पहिली बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते आणि दुसरी सतरा ते वीस मिनिटे चालते. सवयीचा हात असेल तर अशा गवताचा एक गुंठा अंदाजे बारा-पंधरा मिनिटांत होतो. ३६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील तर एका फेरीत तीन गुंठ्यांच्या आसपास काम उरकेल, उरलेले तीन गुंठे माळीकाकांच्या दुसऱ्या दिवशी होतील. मध्ये चहापाण्याची सुटी घेऊन पहिली बॅटरी चार्जिंगला लावली, तर एखादा गुंठा राहिला असेल तोही निघेल. गवत कमरेपर्यंत वाढू दिले तर मात्र हाच हिशेब निम्म्यावर येतो आणि मग सगळा दोष बॅटरीला दिला जातो.

दुकानात गेल्यावर १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट असे दोन शब्द कानावर पडतील. दोन्हींत पाच लिथियम-आयन सेल एकापुढे एक जोडलेले असतात. चालू स्थितीत सरासरी १८ व्होल्ट मिळतात आणि पूर्ण भरल्यावर सुमारे २१, त्यामुळे कोण कोणता आकडा छापतो एवढाच फरक आहे. याहून सावध राहावे ते ४८, ८८ असे भलेमोठे आकडे मिरवणाऱ्या बिननावाच्या बॅटऱ्यांपासून. दुकानदाराकडे व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर असतोच. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीच्या टोकांना तो लावायला सांगावा. काटा २१ च्या आसपास थांबला, तर आत पाचच सेल आहेत आणि बाहेरचा आकडा केवळ शोभेचा आहे, हे तेथल्या तेथे कळते. नागदेवी स्ट्रीटवर खरेदी केली काय किंवा घरपोच मागवली काय, ही तपासणी टाळू नये. कोटेशन मागवताना बॅटरी आणि चार्जर किमतीत धरले आहेत की नाहीत, हेही लेखी विचारावे, कारण नुसते यंत्र स्वस्तात दाखवून बॅटरीचे पैसे वेगळे लावण्याची रीत सर्रास आहे आणि खर्चाचा मोठा वाटा बॅटरीचाच असतो. त्याच बॅटरीवर मेहंदीचे कुंपण छाटण्याची कात्री चालत असेल तर फारच उत्तम. त्या कात्रीसाठी मग वेगळी बॅटरी घ्यावी लागत नाही.

खजिनदारांना चालू खर्चाचा आकडा हवा असेल. १४४ वॅट-तासांची बॅटरी भरायला, चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, एक युनिटचा पाचवा भाग पुरतो. पेट्रोलचे यंत्र कामाच्या जोरानुसार तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते आणि मुंबईत लिटरचा दर शंभर रुपयांच्या वर आहे. पण एवढ्यावरून बॅटरी स्वस्त पडते असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या उष्म्यात लिथियम बॅटरी साधारण चार-पाच वर्षांत थकते, आणि नवीन घेण्याचा खर्च तेव्हा एकदम अंगावर येतो. हिशेबाच्या वहीत ही तरतूद आजच दाखवावी.

पेट्रोलच्या यंत्राबद्दल मला जी धास्ती वाटते ती त्याच्या किमतीची नाही, सोसायटीच्या कारभाराची आहे. बाजारातील बहुतेक स्वस्त ब्रश कटर टू-स्ट्रोक इंजिनाचे असतात. त्यांना वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोकचे तेल मोजून मिसळावे लागते. कंपनीच्या सूचनेप्रमाणे हे प्रमाण ५० ला १ असेल तर लिटरमागे २० मिलिलिटर, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. स्वतःच्या बागेत स्वतः यंत्र चालवणारा माणूस हे कटाक्षाने पाळतो. सोसायटीत काय होते? माळीकाका सुटीवर जातात, त्यांच्या जागी आलेल्या मुलाला वॉचमन मोटारसायकलीतून काढलेले नुसते पेट्रोल देतो, आणि तेलाविना फिरणारा पिस्टन काही मिनिटांतच सिलिंडरला चिकटून बसतो. यंत्र कोणी बिघडवले, यावर पुढच्या सर्वसाधारण सभेत अर्धा तास जातो तो वेगळाच. फोर-स्ट्रोक ब्रश कटर घेतला तर तेल मिसळण्याची कटकट मिटते, धूरही कमी होतो. मात्र तो महाग पडतो आणि त्याचे तेल वेळच्या वेळी पाहावे आणि बदलावे लागते.

दुसरी अडचण इथेनॉलची आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. मोटारीत भरलेले पेट्रोल आठवड्या-दोन आठवड्यांत संपते, म्हणून तेथे हे फारसे जाणवत नाही. आपले यंत्र मात्र ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढच्या जूनपर्यंत पडून राहणार. टाकीत उरलेल्या पेट्रोलमध्ये पाणी शिरते, ते पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन तळाशी बसते, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरचा रबरी पडदा आणि नळ्या कडक होतात, आणि पहिल्या पावसानंतर स्टार्टरची दोरी ओढून ओढून खांदा उतरला तरी इंजिन दाद देत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. हंगाम संपताच टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून नळीतले पेट्रोलही जाळून टाकावे. परंतु हे आठवणीने करणारा एक नेमका माणूस आपल्याकडे आहे का, याचे उत्तर आपणच देऊ शकाल.

आवाजाबाबत खजिनदारांची भीती रास्त आहे, फक्त तिचे स्वरूप नीट समजून घ्यावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल अशी परिसरातील आवाजाची मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयाभोवती १०० मीटरपर्यंत शासनाने जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात ती आणखी कमी होते. पेट्रोलचे यंत्र चालवणाऱ्याच्या कानाशी आवाज ९५ डेसिबलच्या वर जातो, आणि तीन बाजूंनी भिंती असलेल्या आपल्या मागच्या आवारात तो घुमत वर चढतो. यंत्र अर्धा तास चालले म्हणून लगेच नियमभंग झाला असे म्हणता येणार नाही. पण रात्रपाळी करून सकाळी झोपलेल्या रहिवाशाला नियमाची नव्हे, झोपेची पडलेली असते. बॅटरीचे यंत्र मुके नसते. गवत कापणाऱ्या नायलॉनच्या फिरत्या दोरीची सणसण त्यातही होतेच. मात्र ती दोन मजल्यांपलीकडे फारशी त्रास देत नाही. कानाला संरक्षण तर दोन्ही यंत्रांच्या वेळी हवे, पेट्रोलच्या वेळी ते न चुकता हवे.

आपल्या पत्रात माळीकाकांचे वय आहे, त्यांचे मत नाही. अध्यक्षांना काय वाटते आणि खजिनदारांना काय वाटते हे आपण सविस्तर लिहिलेत, पण यंत्र ज्यांच्या खांद्याला लटकणार आहे त्यांना कोणी विचारलेले दिसत नाही. पेट्रोलचा ब्रश कटर पट्ट्यासह आणि भरलेल्या टाकीसह सात-आठ किलोंचा भरतो, बॅटरीचा साधारण चार-पाच किलोंचा. शिवाय इंजिनाची थरथर मुठीतून मनगटात उतरते आणि ती तासन् तास सोसली तर बोटे बधिर होऊ लागतात. त्यांना दुकानात सोबत न्यावे, पट्टा त्यांच्या उंचीप्रमाणे बांधून दोन्ही यंत्रे हातात धरायला द्यावीत. त्यांनी एखादे यंत्र नको म्हटले, तर ते दोघा पदाधिकाऱ्यांच्या मतांपेक्षा जड मानावे असे मला वाटते.

विजेच्या वायरवर चालणारे यंत्र स्वस्त असते म्हणून कोणीतरी तेही सुचवेल. ओल्या गवतात पन्नास फूट वायर ओढत फिरणे आणि ती कापणाऱ्या दोरीपासून सांभाळणे हे पावसाळ्यात जिवावर बेतू शकते. तो विषय तेथेच मिटवावा.

नाल्याकडच्या उतरत्या कोपऱ्यात घाणेरीची झुडपे असणार, असा माझा अंदाज आहे. बॅटरीच्या यंत्राची नायलॉनची दोरी त्या लाकडी खोडांपुढे टिकणार नाही, आणि केवळ त्या कोपऱ्यासाठी पेट्रोलचे यंत्र विकत घेणेही शहाणपणाचे नाही. मुंबईत पाऊस सरासरीने ११ जूनच्या सुमारास दाखल होतो. त्याआधी, मेच्या अखेरीस, स्वतःचा ब्रश कटर घेऊन येणाऱ्या कंत्राटी माळ्याकडून एक दिवस तो कोपरा साफ करून घ्यावा, आणि घाणेरी कापण्यावर न थांबता मुळासकट खणून काढायला सांगावी. गाजर गवत दिसले तर त्यावर कोणतेच यंत्र चालवू नये. त्याच्या बारीक कणांनी अंगाला खाज सुटते, दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. फुले येण्यापूर्वी हातमोजे घालून ते उपटावे. उतारावर गवत मातीपर्यंत खरवडू नये. दोन-तीन इंच ठेवले तर मुळे माती धरून राहतात, नाही तर जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीत ती माती वाहून आपल्याच गटारात येऊन बसेल. भिंतीच्या कडेला हरळी आणि आघाड्याचा एक पट्टाही मुद्दाम राखून ठेवावा. गणपतीत दूर्वा आणि पत्री आवारातच मिळाल्यावर यंत्राच्या खर्चाला विरोध करणारे सभासदही थोडे निवळतील.

उद्यान जवळ असल्याने सापांचा विचार करावाच लागेल. काम सुरू करण्यापूर्वी माळीकाकांनी लांब काठीने गवत झोडपून एक फेरी मारावी आणि पायांत गमबूट घालावेत. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, टाळण्यासाठीही गमबूट आवश्यक आहेत. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने किती थैमान घातले होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, आणि नाल्याकाठच्या ओल्या गवतात उंदीर असतातच. साप दिसला तर काम थांबवून वनविभागाला कळवावे.

गवत कापताना खडे गोळीसारखे उडतात, मग यंत्र कोणतेही असो. मागच्या आवारात दुचाकी लागत असतील तर त्या आधी हलवाव्यात, तळमजल्याच्या खिडक्या बंद करायला सांगावे आणि पंधरा मीटरच्या आत मुले येणार नाहीत असा दोर बांधावा. चालवणाऱ्याला चष्मा, पूर्ण लांबीची विजार आणि बंद बूट हवेतच. दोरी लवकर तुटते म्हणून तिच्या जागी बाइंडिंग वायर लावण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती कदापि करू देऊ नये, कारण तिचा तुटलेला तुकडा मांडीत घुसू शकतो. नायलॉनची दोरी सुकून ठिसूळ झाली असेल तर रात्रभर पाण्यात भिजत घालावी, ती पुन्हा लवचीक होते. दोरीच्या वर यंत्राला बसवलेले प्लास्टिकचे संरक्षक आवरणही काढू देऊ नये. त्याच्या कडेला एक छोटे पाते असते, ते वाढलेली दोरी ठरावीक लांबीवर छाटते. आवरण काढले की दोरी लांबते, मोटारीवर भार येतो आणि बॅटरी निम्म्या वेळात संपते. झाडांच्या बुंध्याजवळ तर दोरी नेऊच नये. सालीवर चहूबाजूंनी घाव बसला की अन्नवाहिन्या तुटतात आणि चांगले वाढलेले झाडही हळूहळू वाळते. बुंध्याभोवती हातभर जागेत पालापाचोळा पसरून ठेवला तर तेथे कापण्याची गरजच उरत नाही.

बॅटरीचे यंत्र पावसात चालते का, असा पुढचा प्रश्न येईल. यंत्रावर आयपीएक्स ४ असे लिहिले असेल तर चहूकडून उडणारे शिंतोडे ते सोसते, धो-धो पाऊस नव्हे. म्हणून उघडीप पाहूनच काम करावे, आणि बॅटरी भिजली असेल तर ती पूर्ण वाळेपर्यंत चार्जरला लावू नये. नुकतीच वापरलेली गरम बॅटरीही आधी निवू द्यावी.

आता ठेवायचे कुठे, हे. बऱ्याच संस्थांत असे सामान मीटर केबिनमध्ये ढकलले जाते, कारण त्या खोलीला कुलूप असते. पेट्रोलचे यंत्र तेथे ठेवले तर टाकीतून झिरपणारी वाफ आणि मीटरच्या पट्टीवरील ठिणगी एकाच बंद खोलीत येतात. बॅटरीलाही ती जागा वर्ज्यच समजावी. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले ३० लिटरपर्यंतचे पेट्रोल विनापरवाना ठेवता येते, मात्र ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात असावे लागते. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीला त्यात स्थान नाही. पंपघरात ओल असते, जिन्याखाली ठेवले तर बाहेर पडण्याची वाट अडते. आपल्याकडे संस्थेचे कार्यालय असेल तर बॅटरीच्या यंत्रासाठी तीच जागा योग्य. चार्जिंग तेथेच, कोणीतरी हजर असताना करावे. रात्रभर लावून ठेवू नये. हंगाम संपला की बॅटरी यंत्रातून काढून, निम्मी चार्ज असलेल्या अवस्थेत, उन्हापासून दूर कपाटात ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा तिची पातळी पाहावी, कारण पूर्ण रिकामी होऊन महिनोन् महिने पडलेली लिथियम बॅटरी बहुधा पुन्हा उठत नाही. निकामी झालेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नये, ती तेथे दाबली जाऊन पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, तेव्हा विक्रेत्याकडून त्या परत घेण्याची हमी खरेदीच्या वेळीच कोटेशनवर लिहून घ्यावी.